झिरोच्या बल्बचा हिशोब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या लहानपणी घरात विजेच्या बाबतीत एकच कायदा होता आणि तो अण्णांचा होता. खोलीतून शेवटी बाहेर पडेल त्याने दिवा मालवायचा. कुणी विसरले की माजघरातून आवाज यायचा, "वीज मंडळ काय तुझ्या सासऱ्याचं आहे का रे?" महिन्याचे बिल आले की अण्णा चष्मा लावून, मागचे बिल शेजारी ठेवून ते वाचत. पाच-सात युनिट जास्त दिसले तर त्या महिन्यात इस्त्रीवर संक्रांत येई. आई म्हणायची, "अहो, पोरांनी चुरगळलेले सदरे घालून शाळेत जायचं का?" पण अण्णांच्या राज्यात अपील नव्हते.

याच घरात देवघरासमोरच्या बोळात मात्र एक झिरोचा बल्ब रात्रभर जळत असे. त्याला अण्णांचीही हरकत नव्हती. झिरोचा म्हणजे शून्याचा. त्याला वीज लागतच नाही, अशी घरातल्या सगळ्यांची पक्की समजूत होती. पुष्कळ वर्षांनी मला कळले, की झिरोच्या बल्बला साधारण १२ ते १५ वॉट वीज लागते. जुन्या मीटरच्या चकतीला एवढासा भार जाणवत नसे म्हणून त्याला हे नाव पडले, असे सांगतात. १५ वॉटचा दिवा रोज दहा तास जळला तर वर्षाला सुमारे ५५ युनिट होतात. आज ९ वॉटचा एलईडी बल्ब अख्खी खोली उजळतो. म्हणजे आमच्या घरचे 'शून्य' आजच्या खोलीभर उजेडापेक्षा मोठे होते!

अण्णांची काटकसर खरी होती, चुकला होता तो हिशोब. घरगुती विजेच्या बचतीचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतसे मला वाटू लागले, की अण्णांच्या घराची गोष्ट हीच मोठमोठ्या राज्यांचीही गोष्ट आहे. काटकसरीचे उपदेश सर्वत्र झाले. बचत मात्र तिथेच झाली, जिथे कुणीतरी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

कपाटामागचे बटण

ही कथा १९७३च्या नोव्हेंबर महिन्यात अमेरिकेतील बर्कली येथे सुरू होते. अरब देशांनी तेलाचा पुरवठा रोखला होता. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. आर्थर रोझेनफेल्ड नावाचे एक पदार्थवैज्ञानिक तिथल्या प्रयोगशाळेत मूलकणांवर संशोधन करीत. ते एन्रिको फर्मी यांचे विद्यार्थी. एका शुक्रवारी संध्याकाळी घरी निघताना त्यांच्या मनात आले, की आपल्या खोलीतले दिवे शनिवार-रविवार असेच जळत राहिले तर वीज केंद्रात किती तेल जळेल? त्यांनी तिथल्या तिथे आकडेमोड केली. एका खोलीमागे सुमारे पाच गॅलन आणि त्या मजल्यावर अशा वीस खोल्या. म्हणजे दोन सुट्यांत शंभर गॅलन तेल.

ते दिवे मालवायला निघाले, तर बटणेच सापडेनात. कुठे बटण कपाटामागे गेलेले, कुठे पुस्तकांच्या मांडणीआड, कुठे भिंतीवरच्या चित्राखाली. वीज इतकी स्वस्त होती, की दिवा बंद करायची वेळ कधी आलीच नव्हती. वीसेक मिनिटे खटपट करून त्यांनी मजला अंधारात नेला आणि घरी गेले. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढे त्यांनी मूलकणांचे संशोधन सोडले आणि उरलेले आयुष्य विजेच्या बचतीला दिले.

इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की रोझेनफेल्ड दिवे मालवण्यावर थांबले नाहीत. माणसाला हवा असतो उजेड, गारवा, गरम पाणी. वीज हे त्याचे केवळ साधन. तेवढाच उजेड कमी विजेत मिळत असेल, तर कुणाला अंधारात बसवायची गरजच काय, हा त्यांचा प्रश्न होता. ट्यूबचा जड तांब्याचा चोक स्वतःच बारा-पंधरा वॉट खाऊन तापतो. त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक चोक आणण्याचे महत्त्वाचे काम त्यांच्या प्रयोगशाळेतून झाले. सीएफएलला पुढे याच तंत्राची मदत झाली.

फ्रीज की अणुवीज केंद्र?

१९७० नंतरच्या त्या वर्षांत कॅलिफोर्नियातील वीज कंपन्या एकामागून एक नवी केंद्रे मागत होत्या. सनडेझर्ट नावाच्या एका अणुवीज केंद्राचा प्रस्ताव सरकारपुढे होता. रोझेनफेल्ड यांनी गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्यापुढे वेगळाच हिशोब ठेवला. राज्यातले फ्रीज जर नीट बनवले, दारे घट्ट बसली, भिंतींत उष्णता अडवणारा थर चांगला घातला, मोटर सुधारली, तर त्या केंद्राएवढी वीज तशीच वाचेल. कॅलिफोर्नियाने फ्रीजसाठी विजेच्या वापराची मर्यादा घालून दिली. सनडेझर्ट कधी बांधले गेलेच नाही.

कारखानदारांची पहिली तक्रार अपेक्षित होती: फ्रीज महागेल, ग्राहक बोंबलेल. घडले उलटे. १९७० नंतरच्या मध्यावर अमेरिकेतला सर्वसाधारण फ्रीज वर्षाला १८०० युनिटच्या आसपास वीज खात होता. २००१ सालच्या नियमांपर्यंत तो आकडा ५००च्या आसपास आला आणि तेवढ्या काळात फ्रीज आकाराने वाढला, महागाई वजा जाता स्वस्तही झाला. कॅलिफोर्नियात दरडोई विजेचा वापर पुढची तीस-चाळीस वर्षे जवळपास सपाट राहिला. उरलेल्या अमेरिकेत तो सुमारे निम्म्याने वाढला. याचे सगळे श्रेय नियमांना देणे बरोबर होणार नाही. तिथली सौम्य हवा, चढे दर आणि उद्योगांचे स्वरूप यांचाही वाटा आहे. पण नियमांचा वाटा मोठा आहे, हे कुणी नाकारत नाही.

मुंबईची थांबलेली योजना

आता ही गोष्ट आपल्याकडे वळते. अशोक गाडगीळ हे मुंबईत जन्मलेले, मुंबई विद्यापीठ, आयआयटी कानपूर आणि बर्कली येथे शिकलेले पदार्थवैज्ञानिक. बर्कलीच्या त्याच प्रयोगशाळेत ते काम करीत. ब्राझीलचे संशोधक गिल्बर्तो जानुझी यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि ब्राझीलमधल्या दिव्यांचा हिशोब मांडला.

साधा पिवळा बल्ब आलेल्या विजेचा फार थोडा भाग उजेडात बदलतो, बाकीची उष्णता. ६० वॉटच्या बल्बएवढा उजेड सीएफएल १५ वॉटच्या आतबाहेर देते. मग लोक सीएफएल का घेत नाहीत? उत्तर सोपे होते. बल्ब दहा-बारा रुपयांना मिळे आणि सीएफएलला त्या काळी काहीशे रुपये मोजावे लागत. चाळीत दोन खोल्यांत राहणाऱ्या गिरणी कामगाराला दोन वर्षांत पैसे वसूल होतील, असे सांगून काय उपयोग? त्याच्यापुढे या महिन्याच्या वाण्याचा प्रश्न असतो. ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच स्वस्त वस्तू घ्यावी लागते आणि तीच त्याला वर्षानुवर्षे महाग पडते.

गाडगीळांनी हिशोबाची दुसरी बाजू दाखवली. आपल्याकडे घरगुती ग्राहकाला वीज तोट्यात दिली जाई. संध्याकाळी सहा ते दहा या वेळात सगळे दिवे एकदम लागत, तेव्हा तर वीज सर्वांत महाग पडे. म्हणजे अशा ग्राहकाच्या घरी एक युनिट वाचले, तर त्याच्यापेक्षा जास्त फायदा वीज देणाऱ्याचा. मग सीएफएलचे पैसे वीज देणाऱ्यानेच आधी भरावेत, दिवा ग्राहकाला द्यावा आणि किंमत बिलातून थोडी थोडी वसूल करावी. ग्राहकाचे बिल हप्ता धरूनही पहिल्यापेक्षा कमीच येईल.

या कल्पनेवर १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईसाठी एक मोठी प्रायोगिक योजना आखली गेली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले 'बेल'. ही योजना वाटेतच अडली. तशाच विचाराची योजना मेक्सिकोत मात्र ग्वादालाजारा आणि माँतेरे या शहरांत त्याच दशकात राबवली गेली आणि लाखो सीएफएल घराघरांत गेल्या. मुंबईच्या माणसाने मुंबईसाठी केलेला विचार मेक्सिकोत उजेड पाडून गेला.

त्याच काळात महाराष्ट्र कशात गुंतला होता, हे आठवून पाहा. १९९३च्या डिसेंबरात वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी करार केला. पहिला टप्पा ७४० मेगावॉटचा. मोर्चे निघाले, खटले झाले, १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, पुन्हा बोलणी झाली. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि तिचा दर मंडळाला न झेपल्याने २००१ मध्ये थांबली.

आता अण्णांच्या पद्धतीने जरा आकडेमोड करू. एका घरात ६० वॉटचे दोन बल्ब काढून १५ वॉटच्या दोन सीएफएल लावल्या, तर ९० वॉट वाचतात. अशी ८२ लाख घरे घेतली तर ७४० मेगावॉट होतात. ही तुलना तंतोतंत नाही. दिवे संध्याकाळीच लागतात, सगळ्या घरांत एकदम लागत नाहीत, आणि केंद्र दिवसभर चालू शकते. तरीही सरकारच्या टेबलावर एका बाजूला समुद्रकाठचे केंद्र असताना दुसऱ्या बाजूला हा कागद असायला हवा होता, एवढे तर नक्की.

असे कागद लिहिणारे आपल्याकडे नव्हते असे नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अमूल्य रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास कर्नाटकसाठी पर्यायी आराखडा मांडला होता. दिवे बदलणे, पाणी तापवायला विजेऐवजी सूर्य किंवा गॅस वापरणे, पंप सुधारणे अशा उपायांनी सरकारी अंदाजाच्या निम्म्याहून कमी विजेत राज्याची गरज भागेल, असे त्यांनी दाखवले. पुण्यात 'प्रयास' या संस्थेचे गिरीश संत आणि शंतनु दीक्षित यांनी एन्रॉन कराराची चिरफाड तर केलीच, पण महाराष्ट्राला कमीत कमी खर्चात वीज कशी पुरेल याचाही अभ्यास मांडला. तेव्हा हे कागद फारसे कुणी हाती घेतले नाहीत.

अंधाराने शिकवलेला धडा

मग आले भारनियमन. २००५ नंतरची वर्षे ज्यांनी मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात काढली, त्यांना वेगळे सांगायला नको. तूट चार हजार मेगावॉटच्याही पुढे गेली. खेड्यात दहा-बारा तास वीज नसे. दहावीची मुले कंदिलाशी बसत. शेतकरी रात्री दोनला उठून पंप सुरू करायला जाई. मुंबई मात्र तिच्या स्वतंत्र वीज कंपन्यांमुळे बव्हंशी उजेडात राहिली.

त्या काळात मी मुंबईला एका नातेवाइकांकडे उतरलो होतो. दिवाणखान्यात रिकाम्या सोफ्यावर सहा दिवे जळत होते. त्याच सकाळी गावाहून चुलत बहिणीचा फोन आला होता, की दळण आणायला तीन दिवस खेपा घालतेय, गिरणीच्या वेळेला वीजच नसते. मला ते सहा दिवे मालवावेसे वाटले. मी पाहुणा, म्हणून गप्प बसलो. मालवले असते तरी तिची गिरणी सुरू झाली नसती, हेही मला ठाऊक होते. तिच्यापर्यंत वीज पोचायची तर लाखो घरांतले दिवे एकदम बदलायला हवे होते आणि ते एकेकट्याच्या सदिच्छेने होणारे काम नव्हते.

तुटवड्यामुळे का होईना, मंडळी हिशोबाला बसली. नाशिक भागात महावितरणने २००५-०६च्या सुमारास सीएफएल बिलातून हप्त्याने देण्याचा प्रयोग केला. केंद्रात २००१चा ऊर्जा संवर्धन कायदा होऊन ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला होताच. त्याने २००६ मध्ये उपकरणांवर तारे लावायला सुरुवात केली. जानेवारी २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, एसी, ट्यूब यांना ते सक्तीचे झाले.

खरी उडी एलईडीने मारली. निळा एलईडी बनवणाऱ्या अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ मध्ये नोबेल मिळाले. निळ्यावाचून पांढरा उजेड होत नव्हता. त्याच २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीत एका एलईडी बल्बला ३१० रुपये पडत होते. २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. कोट्यवधी बल्बांच्या एकत्र निविदा निघाल्या आणि २०१६ पर्यंत खरेदीची किंमत ३८ रुपयांवर आली. ग्राहकाला तो सत्तर रुपयांच्या आसपास मिळू लागला, काही ठिकाणी बिलातून हप्त्यानेही. पुढे या योजनेतून ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले.

गाडगीळांच्या मुंबईतल्या योजनेचे मूळ सूत्र हेच होते. फरक इतकाच, की मध्ये वीसेक वर्षे गेली. तेवढी वर्षे पिवळे बल्ब जळत राहिले आणि ती वीज कुणाच्या तरी गावाच्या वाट्यातून कापली गेली.

आता घरातले पाहू

हा इतिहास ऐकून आपल्या बिलाचे काय, असे श्रोते विचारतील. तर एक युनिट म्हणजे हजार वॉटचे उपकरण एक तास चालणे. हे लक्षात ठेवले की बाकीचे गणित पाचवीच्या मुलालाही येते.

दिव्यांचे काम आता बरेचसे उरकले आहे. पुढची पाळी पंख्याची. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या. रोज बारा तास, वर्षातले ३०० दिवस धरले, तर पहिला २७० युनिट खातो, दुसरा १०८. एका पंख्यामागे १६२ युनिटची बचत. किंमत मात्र जवळपास दुप्पट. पुन्हा तोच जुना प्रश्न उभा राहतो, आधी पैसे कुणी भरायचे? २०२३ पासून पंख्यांना तारे सक्तीचे झाले आहेत, पण बिलातून हप्त्याने पंखा मिळण्याची सोय घरोघर पोचलेली नाही.

गिझरचे पाहा. पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला ०.७ युनिट लागते, मग गिझर कोणत्याही कंपनीचा असो. चौघांच्या घरी दिवसातून दोनदा गिझर भरला तर महिन्याला ४२ युनिट. इथे नवे यंत्र घेण्यापेक्षा पाणी कमी तापवणे, वापराच्या जरासे आधीच बटण लावणे आणि छत आपले असेल तर सौर बंब बसवणे हे उपाय. फ्रीज घेताना ताऱ्यांबरोबर लेबलवरचे साल आणि वर्षाचे युनिटही वाचावेत. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुने पाच तारे नव्या हिशोबात तीनही भरू शकतात.

आपल्या बिलात टप्पे असतात, हेही विसरू नये. महावितरणच्या घरगुती बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर आणि पुढच्या दोनशेंना बराच चढा. वाचलेले युनिट नेहमी वरच्या टोकाचे असते, म्हणजे सर्वांत महागड्या दराचे. १३० युनिट वापरणाऱ्याने तीस वाचवले, तर त्याचे बिल युनिटांच्या मानाने अधिक उतरते.

एक इशारा मात्र दिला पाहिजे. दिव्यांत वाचवलेले आपण एसीत घालवतो आहोत. दीड टनाचा साधा एसी रात्रभर चालला, तर आमच्या झिरोच्या बल्बचे वर्षाचे ५५ युनिट आठवड्याभरात संपतात. उन्हाळे कडक होत आहेत, वृद्धांना गारवा लागतो, हे खरे. म्हणून तर एसी कोणता घ्यायचा, तो २४-२५ अंशांवर ठेवून पंखा जोडीला लावायचा का, खिडकीवर ऊन अडवायचे का, हे प्रश्न महत्त्वाचे झाले आहेत. दुकानात एकदा घेतलेला निर्णय पुढे दहा-बारा वर्षे दर महिन्याला बिलात येत राहतो.

अण्णा आता नाहीत. घरातून निघताना दिवे मालवायची सवय माझ्या हाताला आहे आणि ती राहो. पण मला वाटते, अण्णांना जर कुणी त्या झिरोच्या बल्बचा खरा आकडा सांगितला असता, तर त्यांनी तो त्याच रात्री काढून टाकला असता. त्यांना काटकसर शिकवायची गरज नव्हती, फक्त खरी माहिती हवी होती. ती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. आणि चांगल्या पंख्याचे, चांगल्या दिव्याचे पैसे ज्याच्यापाशी एकदम नाहीत, त्याला ते हप्त्याने मिळावेत, हे पाहणे वीज देणाऱ्यांचे काम आहे. मुंबईने हा धडा एकदा वीस वर्षे उशिरा गिरवला. पंख्याच्या बाबतीत तरी तेवढा उशीर होऊ नये.

या महिन्याचे बिल आले की मागचे बिल शेजारी ठेवून एकदा वाचा. जमल्यास मुलांना घेऊन बसा आणि घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॉट कागदावर लिहा. आपल्या घरातला झिरोचा बल्ब कुठे जळतो आहे, ते तासाभरात सापडेल.